दोन खाटांची खोली

आमच्या मजल्यावर दारं दोनच. एक माझं आणि समोरचं कवळीकाकांचं. हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा जिन्यातून "कवळीकाका आहेत का वर?" असं ओरडून विचारतो. पोरांची तरी काय चूक? काका जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्याच करत आले. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिला खिडकी एकच आणि तीही बोळात उघडणारी. तिथे बसून मेणात एकेक दात रोवायचा, वरचा जबडा खालच्यावर मिटून बघायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा रोवायचा. मग गुलाबी हिरडी भरायची, शिजवायची, घासून घासून गुळगुळीत करायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर प्लास्टरची भुकटी असायची. दात आहेत तर चणे नाहीत, असं आपण सहज बोलून जातो. या माणसाकडे फडताळभर दात होते आणि चणा एक नव्हता.

माणसं त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाहीत. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचा साचा घेणार, साचा मागे येणार, तयार कवळी पुन्हा पुढे जाणार. ती कुणाच्या तोंडात बसली, तो माणूस तिनं काय चावतो, कुणाकडे बघून हसतो, यांतलं काकांना काही कळायचं नाही. कुठेतरी टोचतंय अशी तक्रार आली तरच कळायचं. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी केलेलं एकही हसू मी पाहिलेलं नाही." असं काही ते वर्षातून एखाद वेळी बोलायचे आणि मग आपणच अवघडून कप विसळायला उठायचे.

माझी गोष्ट अगदी उलटी. मी बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसून नोकरी केली. "कुठे? किती जण?" हे दोन प्रश्न विचारण्यात माझी उमर गेली. माणूस घुटमळला की मी मागच्याला पुढे घ्यायची. घरातही मला तेच वळण पडलं. हवं असेल तर हो म्हणा, नको असेल तर नको म्हणा, उगीच ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझे यजमान याला माझा फटकळपणा म्हणायचे. ते गेले, फटकळपणा राहिला.

आणि देवानं शेजार दिला तो नेमका भांडं लपवणाऱ्यांचा! मी इथे राहायला आले त्या वर्षी एकदा गोडाची वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं. काकांच्या आई तेव्हा होत्या. म्हणाल्या, "कशाला उगीच, नको हो." मी म्हटलं, बरं, आणि वाटी घेऊन परत फिरले. नको म्हणणाऱ्याच्या घशात का कोंबायचं? पुढे वर्षभरानं, ओळख मुरल्यावर, त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी मायलेक जेवायचे थांबले होते. पुन्हा विचारायला येईल, पुन्हा विचारायला येईल, म्हणून.

"आमच्यात असंच आहे बाई," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा विचारतात ती रीत, दुसऱ्यांदा विचारतात ती भीड आणि तिसऱ्यांदा विचारतात ती माया. आम्ही मायेशिवाय कुणाचं खात नाही."

"मग उपाशी राहाल," मी म्हटलं.

"राहिलोय की," असं म्हणून त्या हसल्या.

त्यांना हसू आलं, कारण त्यांच्या काळात लोकांना तीनदा विचारायला वेळ होता. मुलाला तसली माणसं भेटली नाहीत. डॉक्टरांनी एकदा काकांना म्हटलं होतं, मागच्या कोंदट खोलीत कशाला बसता, पुढे उजेडात टेबल टाकून देतो. काका म्हणाले, नको, मी इथेच बरा. डॉक्टर बिचारे घाईतले, ते म्हणाले ठीक आहे आणि त्या जागेवर माशांची काचपेटी ठेवली. ऐन तरुणपणी दवाखान्यात नावं लिहून घेणारी एक मुलगी होती. तिनं विचारलं, सिनेमाचं एक तिकीट जास्तीचं आहे, येता का? हे म्हणाले, नको. दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून कामाला गेले. तिनं मैत्रिणीला नेलं होतं. मग तिचं लग्न ठरलं, आणि तो शर्ट काका पुढे प्लास्टर कालवताना घालू लागले.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, तेही आपल्यावर हसत. मला मात्र त्यातल्या शर्टाचा राग येतो. अजून येतो.

काकांना एक धाकटी बहीण. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. त्यांच्या आई गेल्या तेव्हा ती आली होती. लोक पांगल्यावर आम्ही तिघंच उरलो. मी चहा केला, तिच्यापुढे कप धरला आणि म्हटलं, घेता? "द्या," असं म्हणून तिनं लगेच हात पुढे केला. काका बघतच राहिले.

"तू एकदम घेतलास?"

"दादा, सासरी पहिलं वर्ष मी अर्धपोटी काढलं," ती म्हणाली. "तिकडे एकदाच विचारतात. आपण नको म्हटलं की भांडं पुढे जातं. मग मी शिकले. आता मी हो म्हणाले की हो आणि नाही म्हणाले की नाही. आपल्या आईचं ते तीनदाचं मी कधीच सोडलं."

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. काकांनी मात्र हे बोलणं मनात असं जपून ठेवलं, जसं एखादा औषधाची पुडी जपून ठेवतो. पुढे तिचे यजमान गेले, मुलगा परदेशी स्थायिक झाला. तिचे खालचे दात पडले तेव्हा तिच्या गावच्या डॉक्टरनं घेतलेला साचा इकडे पार्सलनं आला. काकांनी कवळी केली आणि कापसात गुंडाळून पाठवून दिली. नीट बसली, असा तिचा निरोप आला. एवढंच. भाऊ-बहीण महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे. तब्येत कशी, पाणी येतं का, जेवलास का. आणि फोन ठेवून द्यायचे.

तर अशातच दवाखान्याची फरशी उखडायची ठरली. डॉक्टरांनी सगळ्यांना सुट्टी दिली. काकांना म्हणाले, तुम्ही जाऊन या कुठेतरी. काका सवयीनं नको म्हणाले. पण फरशी थोडीच कुणाला दुसऱ्यांदा विचारते! पोराटोरांसारखे ते घरी बसले. दोन दिवस मला समोरून खुर्ची सरकवल्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी ते बगलेत नकाशा मारून माझ्या दारात उभे.

"वहिनी, समुद्राकडे जायचं तर गाडी कुठली?"

मी नकाशा बघितला. ज्या शहरात म्हणे बारा महिने ऊन असतं, ते शहर. त्या शहराची किती तिकिटं मी फाडली असतील, याचा हिशेब देव जाणे. तिथे गेलेली माणसं नाकाची सालपटं निघालेली घेऊन परत यायची आणि तरीही खूश असायची. मी स्वतः तिथे कधी गेले नव्हते. खिडकीच्या आत बसणाऱ्याला कोण विचारतं, कुठे आणि किती जण?

"सकाळी दोन गाड्या आहेत," मी म्हटलं. "पहाटेची घ्या. नऊच्या गाडीत ऊन डाव्या बाजूनं येतं."

पुढचे काही दिवस माझं जेवणाचं टेबल माझं राहिलं नाही. नकाशा पसरलेला, एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर माझा चष्म्याचा डबा. तीन दिवसांचा बेत. मी बेत आखायला बसले की मग विचारू नका. पहिल्या दिवशी जुनं बंदर आणि मासळीबाजार. दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं दीपगृह, उतरताना जहाजांचं संग्रहालय. तिसऱ्या दिवशी होडीतून फेरी, मग काचेच्या छताखालची बाग. काका प्रत्येक गोष्टीला मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण बसायचं कधी?"

"बसायचं कुठे?"

"समुद्रासमोर. त्या लांब रस्त्याला कठडा आहे म्हणे. त्यावर."

"अहो, बसायला इथला जिना काय वाईट आहे? एवढे पैसे घालवून जाणार आणि बसणार?"

आम्ही कडकडून भांडलो. मी दीपगृह सोडेना, ते कठडा सोडेनात. घरात भांडणाचा आवाज किती दिवसांनी झाला होता! त्या दिवसांत मी सकाळी उठून टेबल पुसायची ती जरा जास्तच लख्ख, हे आता लिहायला हरकत नाही. शेवटी त्यांनी मासळीबाजार सोडला आणि मी बाग सोडली. दीपगृहाच्या पायऱ्यांपाशी मात्र घोडं अडलं.

"तिला इतक्या पायऱ्या चढवणार नाहीत," काका म्हणाले.

"कुणाला?"

"धाकटीला."

तेव्हा मला कळलं की या माणसानं मनातल्या मनात दोन माणसांचा बेत केला होता. मी विचारलं, तिला सांगितलंत का? म्हणाले, सांगेन, आधी सगळं पक्कं होऊ दे. मी म्हटलं, अहो भाऊजी, हे उफराटं आहे, आधी माणूस मग बेत. ते नकाशाची घडी घालत म्हणाले, "वहिनी, आई गेल्यापासून मला अरे म्हणणारं कुणी राहिलं नाही. दवाखान्यात काका, इमारतीत काका, तुमच्याकडे भाऊजी. अरे म्हणणारी ती एकटीच उरली आहे. आणि आम्ही दोघं बोलतो काय, तर पाणी येतं का. एकदा समोरासमोर बसावं म्हणतो. तीन दिवस. मग परत पाणी आहेच."

मी उठून चहा टाकला.

समुद्रासमोरच्या एका लहानशा हॉटेलात त्यांनी दोन खाटांची खोली सांगून ठेवली आणि त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावरून, माझ्या फोनवरून बहिणीला फोन लावला. स्वतःच्या घरून का नाही लावला? धीर होत नव्हता म्हणून. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे सगळं माझ्याही कानावर पडलं. काकांनी आधी तब्येत विचारली, मग पाणी, मग एका दमात सगळा बेत सांगून टाकला. बंदर, होडी, कठडा. दीपगृहाचं नाव काढलं नाही. आणि शेवटी, "तू येशील का?"

"छे रे, मला कुठे जमतंय आता," पलीकडून आवाज आला. "गुडघे धरतात. आणि इथे घर कोण बघणार? तू जाऊन ये. मजा कर."

"बरं," काका म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मीच दचकले. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "तिकडे ऊन फार असतं. टोपी घे."

"घेतो."

"आणि... पाण्याची बाटली."

"घेतो. ठेवू?"

"ठेव."

त्यांनी फोन पालथा ठेवला. मी जन्मभराच्या सवयीनं विचारलं, "मग एक तिकीट?"

"एक," ते म्हणाले.

आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पुन्हा विचारा, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. नाही म्हटलं ना तिनं? शिवाय ती स्वतः सांगून गेली होती, नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले आणि टेबलावरच्या फोनकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, लावायचाय का? ते म्हणाले, "नको. ती आता आमच्या घरासारखी राहिली नाही. एकदाच बोलते, स्पष्ट बोलते. तिच्या नाहीचा मान ठेवायला हवा. मी परत विचारलं तर भरीस पाडल्यासारखं होईल." जन्मभर स्वतः ज्याची वाट बघितली ते दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तेव्हा हा माणूस शहाण्यासारखा वागला. शहाण्यासारखाच हो! तिथेच सगळं फसलं.

हॉटेलला त्यांनी एका खाटेची खोली आहे का विचारलं. नव्हती. "दोन खाटांचीच राहिली," ते मला म्हणाले आणि जरासे थांबले. मीही थांबले. टेबलावर नकाशा होता, त्यावर माझ्याच बोटानं दाखवलेले सगळे रस्ते होते. एकटा पुरुष आणि शेजारची विधवा, इमारतीला केवढं चघळायला मिळालं असतं, हे मला कळतं. काकांनाही कळत असणार. त्यांनी नकाशाची घडी घातली. मी कपाच्या तळाशी राहिलेला चहा पिऊन टाकला, तो गार झाला होता.

ठरल्या दिवशी पहाटे ते निघाले. किल्ली माझ्याकडे दिली, कुंडीतल्या झाडाला पाणी घालायला सांगितलं. डोक्यावर टोपी. मी दार लावून घेतलं आणि टेबल पुसायला गेले. पुसायला काही नव्हतं. मिठाची बाटली जागेवर ठेवली, चष्म्याचा डबा जागेवर ठेवला. मला इतकं सुनं वाटलं की मी रेडिओ लावला आणि तोही लगेच बंद केला.

सकाळीच फोन वाजला. धाकटी.

"वहिनी, दादा फोन उचलत नाही."

"गाडीत असतील. त्यांना ऐकू येत नाही."

"गाडीत?" मग जरा वेळानं, "म्हणजे गेला?"

"गेले की. पहाटेच."

"एकटाच?"

"तुम्ही नाही म्हणालात ना."

"म्हणाले हो," ती म्हणाली. "पण त्यानं परत विचारलंच नाही."

ती बोलत राहिली, आवाज हळूहळू बारीक होत गेला. फोन ठेवला त्याच संध्याकाळी तिनं बॅग भरली होती. दोन साड्या, गुडघ्याचं तेल, आणि भावासाठी एक नवी टोपी. बॅग दाराशी उभी करून ठेवली होती. रोज वाटायचं, आज करेल फोन. आज दुसऱ्यांदा विचारेल.

"तुम्हीच तर म्हणाला होतात की ते तीनदाचं सोडलं म्हणून!" माझा आवाज चढला होता.

"सोडलंय वहिनी. सगळ्यांशी सोडलंय. भाजीवाल्याशी, सुनेशी, सगळ्यांशी. पण दादानं येशील का म्हटलं आणि माझ्या तोंडून आईच्या घरातलंच उत्तर आलं. त्याच्याशी मी दुसऱ्या कुठल्या घरातली होऊन बोलू?"

दोघांनाही एकमेकांची इतकी कदर, की तिनं त्याच्यासाठी आईची रीत पाळली आणि त्यानं तिच्यासाठी ती मोडली. कपाळाला हात लावायचीही सोय राहिली नाही. मी म्हटलं, "आत्ता निघा. दुपारच्या गाडीनं संध्याकाळी पोचाल. खोली दोन खाटांचीच आहे."

"नको. आता कशाला."

एरवी मी फोन ठेवला असता. खरं सांगते, हात खाली आलाही होता. मग काकांच्या आई आठवल्या, त्या वाटीसाठी जेवायच्या थांबलेल्या. मी फोन पुन्हा कानाला लावला.

"त्यांनी तुमच्यासाठी दीपगृह सोडलंय. माझ्याशी भांडून सोडलंय. निघा."

"नको वहिनी. आता आपणहून जाऊन उभी राहिले तर त्याला काय वाटेल..."

"हे बघा," मी म्हटलं, "मी जन्मात कधी कुणाला तिकीट घ्या म्हणून विनवलेलं नाही. आज माझ्या दातांच्या कण्या होतायत आणि त्या बसवून द्यायला कवळीकाकाही इथे नाहीत. तिसऱ्यांदा विचारते. जाता का?"

ती रडत होती की हसत होती, फोनवर कळेना. मग म्हणाली, "बरं. पण एकच दिवस."

पुढचं मला काकांनी परत आल्यावर सांगितलं. किल्ली घ्यायला आले ते टेबलाशी बसले. नाकाची सालपटं निघाली होती. पहिला दिवस फार वाईट गेला म्हणाले. बंदर बघितलं, जहाजं बघितली, आणि प्रत्येक वेळी "बघ" म्हणायला बाजूला वळायचे. जेवायला बसले तर वेटरनं समोरची ताटली उचलून नेली. खोलीत दुसऱ्या खाटेवर त्यांनी आपली बॅग ठेवली, मग ती बरी दिसेना म्हणून खाली ठेवली, मग रिकामी चादर त्याहून वाईट दिसली. संध्याकाळी कठड्यावर बसायचं ठरलं होतं, तेही धड बसवेना. लगेच परत फिरले. हॉटेलच्या पायरीवर एक बाई आपल्या बॅगेवर बसली होती, गुडघे चोळत.

"काय म्हणालात मग?" मी विचारलं.

"काही नाही. बॅग उचलली. जड होती."

"आणि ती?"

"ती म्हणाली, अरे, केवढा भाजलास."

काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

एका दिवसाचे तिनं उरलेले सगळे दिवस केले. दोघं कठड्यावरच बसून राहिले. होडी नाही, संग्रहालय नाही. मी आखलेला बेत समुद्रात! आइस्क्रीमवाला आला तेव्हा काकांनी तिला विचारलं, घेशील? ती म्हणाली, नको. यांनी पुन्हा विचारलं, नको. तिसऱ्यांदा विचारणार तोच आइस्क्रीमवाला वैतागून म्हणाला, आजोबा, त्यांना नकोय, कशाला मागे लागताय? तशी ती इतकी हसली, इतकी हसली की कठड्यावरून खाली उतरावं लागलं.

"तोंड उघडून हसली, वहिनी," काका म्हणाले. "खालचे दात मी केलेले. डावीकडचा एक किंचित आत गेलाय. पण छान दिसतात."

त्यांनी डोळे पुसले, मग सालपटं निघालेलं नाक पुसलं आणि ओरडले, कारण ते झोंबत होतं. मी किल्ली दिली. झाड बरं आहे म्हणून सांगितलं. त्यांनी बहिणीला आपल्या घरी यायला सांगितलंय, किती वेळा सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहराच सांगत होता. मला खरोखर आनंद झाला. आणि आनंदाच्या खाली, तिथेच, कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. ते दोघं तिकडे हसत होते तेव्हा मी इथे त्यांच्या कुंडीला पाणी घालत होते. त्यांना पाठवलं मी, रस्ते दाखवले मी, विनवण्या केल्या मी. मला मात्र एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

काका उठले. दारापाशी गेले आणि टोपी हातात फिरवत थांबले.

"ते दीपगृह राहिलंच," ते म्हणाले. "थंडीत पुन्हा जाऊ म्हणतेय धाकटी. ती खाली बसेल. वर चढायला कुणीतरी लागेल. म्हटलं... तिकिटं तीन काढू या का?"

मी, जिनं जन्मभर लोकांना हो की नाही ते चटकन सांगा म्हणून दटावलं, जिच्या घरात नको म्हणजे नको, त्या मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छे हो, मला कुठे जमतंय."

शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच ओळख पटेना. काका काही क्षण उभे राहिले. या घरातल्या नाहीचा अर्थ त्यांना पहिल्या वर्षापासून पाठ होता.

"बरं," ते म्हणाले.

मी दार लोटून घेतलं. चार पावलांची तर मधली जागा. त्यांची पावलं पलीकडे गेली, कुलपात किल्ली फिरली. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. मी कडी न लावता दाराच्या आत तशीच उभी राहिले.